खटका

चाकू हातात आला की मी तो लगेच उघडत नाही. मिटलेलाच कानाशी नेतो आणि हळूच हलवतो. आतून बारीक खुळखुळ ऐकू आली तर पातं खटक्यात नीट बसलेलं नाही असं समजायचं. मग उजेडाकडे धरून मुठीच्या फटीत डोकावतो. टोक मधोमध आहे की एका भिंतीला टेकलंय, ते बघतो. एवढं झाल्यावर मूठ नीट धरायची, पातं ज्या बाजूने बाहेर पडणार तिकडे एकही बोट नाही याची खात्री करायची, आणि मगच अंगठा खटक्यावर ठेवायचा.

"पहले सुनो साब, बाद में देखो," असं छावणीच्या आठवडी बाजारात जुनं लोखंड मांडून बसणारे एक चाचा मला म्हणाले होते. त्यांच्या पोत्यावर पान्हे, पितळी तोट्या, किल्ल्या हरवलेली कुलपं, खीळ निसटलेले अडकित्ते असत. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी त्या ढिगात खटक्याचा चाकूही निघायचा. चाचांचा मूळ धंदा कुलपं दुरुस्त करण्याचा. बंद वस्तूच्या आत काय चाललंय ते कानाने ओळखायची त्यांना सवय होती. ती सवय मी त्यांच्याकडून घेतली.

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका टूलरूममध्ये माझी 31 वर्षं गेली. प्रेसटूल, डाय, जिग, फिक्श्चर. बेंचवर कानस धरायची आणि मापं राखायची. आमच्या शहरात पर्यटक वेरूळ-अजिंठ्यासाठी येतात, पण इथल्या शेकडो घरांत चूल पेटते ती याच कामावर. इंडो जर्मन टूल रूममधून शिकून बाहेर पडलेली मुलं देशभर पसरली आहेत. अशा शहरातल्या माणसाला खटक्याच्या चाकूचा नाद लागावा याचं मला नवल वाटत नाही. तळहातावर मावणाऱ्या त्या वस्तूत एक स्प्रिंग आहे, एक खीळ आहे, एक खिट्टी आहे आणि एक अडसर आहे. म्हणजे यंत्र म्हणायला जे जे लागतं ते सगळं आहे, आणि झाकायला जागा नाही. कारागिराने कुठे घाई केली ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

बटण दाबून उघडणाऱ्या चाकूंत दोन मोठ्या जाती. एकात पातं मुठीच्या तोंडातून सरळ पुढे येतं. दुसऱ्यात ते साध्या मिटवायच्या चाकूसारखं बाजूने, अर्धवर्तुळात फिरून उघडतं. माझ्या संग्रहात दुसऱ्याच जातीचे चाकू आहेत आणि त्याला कारण टूलरूमचं आहे. सरळ येणाऱ्या पात्याला मुठीत धावायला वाट लागते, आणि धावायचं म्हणजे दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक ठेवावीच लागते. मोकळीक ठेवली की उघडलेलं पातं किंचित हलणारच. तो त्या रचनेचा स्वभाव आहे. बाजूने उघडणारं पातं मात्र एकाच खिळीभोवती फिरतं. खीळ आणि भोक यांच्यातली जागा दोन-तीन शतांश मिलिमीटरवर राखली की पातं लोण्यासारखं फिरतंही आणि उघडल्यावर खडकासारखं उभंही राहतं. हे मशीनवर साधतं, आणि ज्याच्या बोटांत कसब आहे त्याला रिमर आणि कानशीनेही साधतं. मला ते बोटांनी साधलेलं पाहायचं असतं.

या जातीचा कारखानी इतिहास फार जुना नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या जॉर्ज श्रेड नावाच्या कारागिराने 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला बटणाच्या चाकूचं पेटंट घेतलं. जर्मनीतल्या झोलिंगेनने खटक्याऐवजी छोटी दांडी बसवली, जी अंगठ्याने उचलायची. इटलीतल्या मानियागो गावाने लांब, निमुळत्या पात्याचे चाकू जगभर पोहोचवले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी ते घरी नेले, सिनेमावाल्यांनी ते गुंडांच्या हातात दिले, आणि 1958 मध्ये अमेरिकेने त्यांच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी घातली. पुढच्याच वर्षी ब्रिटननेही कायदा केला. आपला शस्त्र अधिनियमही 1959 चाच.

आपल्याकडे या चाकूचं गाव एकच, उत्तर प्रदेशातलं रामपूर. मराठी माणसाला 'रामपुरी' म्हटलं की पुढे 'चाकू' म्हणावंही लागत नाही. नवाबाच्या संस्थानात पिढ्यान्पिढ्या लोहारकाम करणाऱ्या घरांनी हा चाकू घडवला, आणि त्याला बदनामी मुंबईच्या सिनेमाने दिली. 1965 च्या 'वक्त'मध्ये राजकुमारने समोरच्याच्या हातातला चाकू ज्या शांतपणे काढून घेतला, त्या एका प्रसंगाने रामपूरचं नाव गावोगावच्या टूरिंग टॉकीजपर्यंत नेलं. पुढे उत्तर प्रदेशात साडेचार इंचांपेक्षा लांब पात्यावर बंदी आली आणि तिथला चाकूबाजार ओसरत गेला. 2023 मध्ये रामपुरात एका चौकात सुमारे सहा मीटर लांबीचा चाकू उभारला गेला. त्याचं छायाचित्र पाहून मला वाईट वाटलं. चौकातला चाकू उघडत नाही, मिटत नाही. ज्यांनी तो उघड-मिट होणारा केला त्या हातांना काम मिळालं असतं तर अधिक बरं झालं असतं.

संग्रह करणाऱ्याने एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. बाजारात 'बटणाचा चाकू' म्हणून जे मिळतं ते सगळं आपोआप उघडणारं नसतं. याची सर्वांत नेमकी वर्गवारी मला कुठे सापडली असेल तर ती दिल्लीच्या एका सरकारी अधिसूचनेत. तिथे गरारीदार, बटणदार आणि स्प्रिंगवर चालणारे अशी वेगवेगळी नावं घेतलेली आहेत. गरारीदार चाकूत पात्याच्या बुडाला करवतीसारखे दाते असतात. पातं हातानेच उघडायचं, आणि उघडताना पाठीची पट्टी एकेका दात्यावरून घसरत कर्रर्र आवाज करते. सिनेमातला तो आवाज बहुतेक वेळा या जातीचा. बटणदारात बटण असतं खरं, पण पुष्कळदा ते उघडलेलं पातं मिटवण्यापुरतं. पातं स्वतः फेकणारी स्प्रिंग असते ती तिसऱ्या जातीत. विकणारा तिन्हींना एकच नाव देतो आणि भाव मात्र तिसऱ्याचा सांगतो. म्हणून खटका दाबायच्या आधी विचारावं, हा खटका धरतो की सोडतो?

माझा पहिला चाकू मामांचा. मामा ट्रकवर होते. उत्तरेकडच्या एका फेरीत त्यांनी तो रामपुरातच घेतला होता. सहा इंचांच्या आतलं पातं, म्हशीच्या काळ्या शिंगाची मूठ, दोन्ही टोकांना पितळ. त्यांनी त्याने ताडपत्रीचे दोर कापले, नागपूरकडची संत्री सोलली, टायरमध्ये रुतलेले खडे काढले. आयटीआयचा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी तो माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "मशीन आहे. सांभाळशील तू."

मी सांभाळला नाही. दोन-तीन वर्षांत त्याची स्प्रिंग तुटली. तेव्हा मला टूलरूममध्ये काम लागलेलं, अंगात मस्ती होती. मूळ स्प्रिंग म्हणजे पातळ पट्टी होती, एका बाजूला निमुळती होत गेलेली. मी तिच्याऐवजी मोटारीच्या कमानपाट्याचा तुकडा घासून, जाड ठेवून बसवला. चाकू गोळीसारखा उघडायला लागला. मित्रांना दाखवत फिरलो. महिन्याभरात शिंगाच्या मुठीला खिळीपासून चीर गेली आणि बुडाच्या खाचेची धार झडली. मग कळलं की ती मूळ पट्टी निमुळती का होती. पातं सुरुवातीला जोरात सुटावं, पण शेवटच्या टप्प्यात अडसरावर आपटू नये, एवढ्यासाठी त्या कारागिराने तिला तशी कानस लावली होती. त्याच्या हिशेबात पातं, मूठ, खीळ सगळं होतं. माझ्या हिशेबात फक्त जोर होता. तो चाकू आजही माझ्याकडे आहे, चिरेसकट. दुरुस्त केलेला नाही.

त्या चाकूनंतर मी निवडीची माझी पद्धत बसवली. तिचा जवळजवळ सगळा भार खटक्यावर आहे.

आत काय घडतं ते सांगतो. पात्याचा मुठीत जाणारा मागचा भाग म्हणजे बुड. जुन्या धर्तीच्या चाकूत मुठीच्या आत दोन पट्ट्या असतात. एक बुडाला सतत ढकलत असते, दुसरीला बारीक खिट्टी असते आणि ती बुडातल्या भोकात किंवा खाचेत बसून पात्याला धरून ठेवते. खटका दाबला की खिट्टी उचलली जाते आणि ढकलणाऱ्या पट्टीला वाट मोकळी होते. पातं पूर्ण उघडलं की तीच खिट्टी दुसऱ्या खाचेत पडते. नव्या धर्तीच्या चाकूंत खिळीभोवती गुंडाळलेली तारेची स्प्रिंग असते आणि खटका म्हणजेच कुलूप असतं. बटणाच्या दांडीला दोन जाड्या असतात. जाड भाग खाचेत असेपर्यंत पातं अडलेलं, बटण दाबून बारीक मान समोर आली की मोकळं. दुसरी रचना मापाने सोपी, पहिली घडवायला अवघड आणि दुरुस्त करायला आणखी अवघड.

दोन्हींत महत्त्वाची जागा एकच, जिथे खिट्टी आणि खाच एकमेकींना टेकतात तो जेमतेम मिलिमीटरभराचा काठ. नव्या चाकूत तो काठ काटकोनात, स्वच्छ असतो. हजार वेळा उघडल्यावर तो गोलावतो. गोलावलेल्या काठावरून खिट्टी घसरते, आणि मग चाकू खिशात, पेटीत, कुणाच्या हातात आपोआप उघडतो. विकणारा 'एकदम सॉफ्ट चलता है' म्हणून ज्याची तारीफ करतो, त्या चाकूची मला सर्वांत जास्त भीती वाटते. तपासायला सोपी रीत आहे. चाकू मिटलेला असताना, टोकाची दिशा सांभाळून, पात्याची पाठ चिमटीत धरून उघडण्याच्या दिशेने हलका ताण द्यायचा. खटका नीट असेल तर काही घडत नाही. पातं किंचित सरकून थांबलं तर काठ गेलेला आहे. तो चाकू खाली ठेवायचा, मग मूठ कितीही देखणी असो.

आता उघडायचा. आवाज एकच हवा. 'खट्'. 'खट्-टक्' असे दोन आवाज आले तर पातं अडसरावर आपटून मागे उसळतंय आणि खिट्टी उशिरा पडतेय. उघडल्यावर पातं दोन बोटांत धरून आधी डावी-उजवीकडे, मग वर-खाली हलवायचं. डावी-उजवी हालचाल खिळीची असते, ती थोडीशी असली तरी मी माफ करतो, जुन्या चाकूत ती येतेच. वर-खाली हालचाल कुलपाची असते, ती माफ करत नाही. आणि मग मिटवायचा. माझ्या मते खरी परीक्षा ही, आणि बहुतेक जण तिच्याकडे बघतच नाहीत. मिटवताना आपण स्प्रिंगच्या विरुद्ध काम करत असतो, म्हणून कारागिराने तिला कशी घडवली ते त्याच वेळी बोटाला कळतं. दाब सावकाश, सारखा वाढत गेला पाहिजे. मध्येच ढिला पडला, किंवा शेवटच्या अर्ध्या इंचात एकदम ताठरला, तर पट्टी वाकलेली आहे नाहीतर बदललेली आहे.

पोलादाबद्दल फार बोललं जातं, गरजेपेक्षा जास्त. रोजच्या वापराच्या पात्याला रॉकवेलच्या मापात 55 ते 58 कडकपणा पुरतो. स्प्रिंगला त्यापेक्षा बराच कमी लागतो, नाहीतर ती वाकण्याऐवजी मोडते. लोहार हे मापाने नाही, रंगाने करतो. पाणी दिलेलं पोलाद घासून चकचकीत करायचं आणि पुन्हा तापवत न्यायचं. गवती पिवळा रंग आला की पात्यासाठी थांबायचं, निळा आला की स्प्रिंगसाठी. एकाच चाकूत एकाच माणसाने दोन्ही रंग अचूक पकडले असतील तर तो माणूस उस्ताद. जुन्या चाकूत हे पात्याच्या धारेवर कळत नाही, कारण धार कुणीही लावतं. पन्नास वर्षांनी स्प्रिंग अजून जिवंत आहे का, यावर कळतं.

धारेवरून आठवलं. जुना चाकू घेतला की लोक पहिल्यांदा धारवाल्याकडे जातात. कृपया जाऊ नका. आपल्याकडे शस्त्रांना धार आणि झिलई देणं हे शिकलगारांचं पिढीजात काम. घडवणारा वेगळा आणि शिकल करणारा वेगळा, इतका मान त्या कामाला होता. सायकलच्या चाकावर फिरणाऱ्या एमरीच्या दगडाला तो सराव नाही आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही करू नये. तो विळी आणि कात्री उत्तम करतो. पण एका फेरीत तो पात्याचा मूळ उतार खाऊन टाकतो आणि ठिणग्यांबरोबर धारेचं पाणीही उतरतं. संग्रहातल्या चाकूला धार नसली तरी चालते. मूळ उतार गेला की तो परत येत नाही.

फसवणूक या नादात होतेच. एका मोठ्या शहरातल्या दुकानदाराने मला एक चाकू 'सव्वाशे वर्षांपूर्वीचा, नवाबी' म्हणून दाखवला होता. पितळ सुंदर काळवंडलेलं, पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी. घरी आणून भिंगाखाली धरला. काळेपणा सगळीकडे सारखा होता. खरा वापर असा नसतो. अंगठा पडतो तिथे पितळ उजळ राहतं आणि काळेपणा कोपऱ्यांत साचतो. मूठ उघडली तर आत अधिकच्या चिन्हाच्या खाचेचा स्क्रू. तो फिलिप्स स्क्रू, 1930 च्या दशकातला. लहरी ॲसिडने काढलेल्या. अस्सल जौहरदार पोलाद आपल्या दख्खनमध्ये होत असे. निजामाच्याच राज्यातलं, आजच्या तेलंगणातलं कोनासमुद्रम त्यासाठी इराणच्या व्यापाऱ्यांना माहीत होतं. पण ते तलवारीच्या पात्यांसाठी. खिशातल्या चाकूवर त्या लहरी दिसल्या की आधी संशय घ्यावा. मी त्या चाकूचे चांगले पैसे मोजले होते. आता नव्याने संग्रह करणाऱ्या मुलांना मी तो मुद्दाम उघडून दाखवतो.

मूठ कसली आहे तेही विचारा. म्हशीचं शिंग, शिसवी लाकूड, पितळ, इतपत ठीक. सांबरशिंग किंवा हस्तिदंत म्हणून कुणी पुढे केलं तर घेऊच नका. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि तो नसता तरी घेऊ नये.

चाकूपेक्षा त्याची हकिकत सांभाळणं अवघड असतं. 2024 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याला आली तेव्हा महाराष्ट्रभर चर्चा झाली. त्यांच्यासोबतच्या पेटीवर ती ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याला कशी मिळाली ते कोरलेलं आहे. पण तीच नखं शिवाजी महाराजांनी वापरली का, हे पडताळता येत नाही असं ते संग्रहालय स्वतःच सांगतं. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी चार ओळी जास्त लिहून ठेवल्या असत्या तर? मला त्या बातमीनंतर कित्येक रात्री हाच विचार येत होता. आपल्या शहरातल्या महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तू संग्रहालयात शस्त्रांच्या दालनासमोर उभा राहिलो की मी आधी पाटी वाचतो, मग वस्तू पाहतो. आणि पुण्यात केळकर संग्रहालयात गेलो की अडकित्त्यांपाशी थांबतो. दिनकर केळकरांनी सुपारी कातरायच्या साध्या वस्तूंचा इतका मोठा मेळा जमवला की त्यातून मराठी घराचं सौंदर्य उभं राहिलं. अडकित्ता म्हणजेही एक खीळ आणि दोन पाती. त्यांनी अडकित्त्यांना जे दिलं ते आपल्या चाकूंना कुणी दिलेलं नाही, कारण चाकू म्हटलं की आपल्याला फक्त पंचनामा आठवतो.

तो आठवतो याला कारणं आहेत आणि मी ती झटकून टाकत नाही. हे शहर दंगली पाहिलेलं आहे. 2018 मध्ये इथे ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू पोलिसांनी पकडले होते. त्यानंतर कित्येक महिने मी माझा खण नातेवाइकांनाही दाखवला नाही. नियम मी असे पाळतो. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्रांच्या यादीत येतं, म्हणून ते मी घेत नाही. माझा सर्वांत लांब चाकू सात इंचांचा आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या 37 व्या कलमाखाली शहरात वरचेवर मनाई आदेश निघतात आणि त्यांत चाकू-सुरे घेऊन फिरण्याला बंदी असते. आदेश असो नसो, माझ्या संग्रहातला एकही चाकू माझ्या खिशात उंबरठा ओलांडत नाही. दिल्लीत तर 7.62 सेंटीमीटर, म्हणजे तीन इंच लांब आणि 1.72 सेंटीमीटर रुंद पात्यापासूनच खटक्याच्या चाकूंना शस्त्र अधिनियम लागतो, तेव्हा तिथून काही आणायचा विचारही करू नये. खरेदी करण्याआधी वकिलाला विचारावं. मी विचारलं होतं. घरात लहान मूल असेल तर खणाला कुलूप हवं, आणि ते कुलूप चाचांसारख्या माणसाने तपासलेलं हवं.

ठेवण्याची पद्धतही सांगून टाकतो, कारण याबाबत मला पत्रं येतात. तारेच्या स्प्रिंगचे चाकू मी मिटलेले ठेवतो. चांगली स्प्रिंग दाबून ठेवल्याने मरत नाही, ती मरते उघड-मिट करून. म्हणून आल्यागेल्याला दहादा उघडून दाखवू नये. जुन्या पट्टीच्या चाकूंवर माझा तेवढा भरवसा नाही, ते मी ताण काढून, उघडे, टोकाला बुचाचं लाकूड खोचून, लाकडी खोबणीत आडवे ठेवतो. खिळीत एक थेंब शिलाई मशीनचं तेल, वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर. खोबरेल नको. ते थंडीत गोठतं, पुढे चिकट होतं आणि खिट्टी अर्ध्यात अडकते. चामड्याच्या म्यानात कायमचा ठेवू नये, चामडं ओल धरतं आणि पितळाला हिरवं चढतं.

आता निवडीचा प्रश्न. संग्रहात पहिला एकच चाकू घ्यायचा असेल तर कोणता, असं मला तरुण मुलं विचारतात. त्यांच्या फोनवर इटलीतले, अमेरिकेतले चाकू असतात. ते उत्तम आहेत. मशीनवर कापलेले, शतांशाच्या मापात बसलेले, उघडताना डोळा लवत नाही. मी आयुष्यभर ज्या अचूकतेसाठी राबलो ती त्यांत आहे आणि तिच्याबद्दल मला पूर्ण आदर आहे. तरी माझं उत्तर ठरलेलं आहे. कारागिराचा ठसा असलेला, कुणी न घासलेला, साध्या मापाचा रामपुरी घ्या, ज्याचा खटका अजून काटकोनात आहे. पातं थोडं तिरकं असेल, दोन्ही बाजूंचं पितळ सारखं नसेल, तरी घ्या. इटलीतला चाकू उद्याही मिळेल, परवाही मिळेल. हाताने पट्टी निमुळती करत नेणारा, निळ्या रंगावर बरोबर थांबणारा माणूस रामपुरात आता शोधावा लागतो, आणि त्याने केलेले चाकू भंगारात किलोच्या भावाने वितळताहेत. छावणीच्या बाजारात मी ते स्वतः पाहिलं आहे. तराजूत पान्ह्यांबरोबर एक खटक्याचा चाकू होता, मूठ निघालेली, पण खिट्टी शाबूत. मी तो सोडवून घेतला. पट्टीवर कानशीच्या रेघा अजून दिसतात, एकाच दिशेच्या, अगदी सारख्या अंतराच्या.

तुमच्या घरी माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत, दुकानाच्या जुन्या गल्ल्यात असा चाकू असेल. ट्रकवर गेलेले, फौजेत गेलेले, उत्तरेकडे तीर्थयात्रेला गेलेले लोक तो घेऊन येत असत. तो भंगारात देऊ नका, घासू नका, मुलांसमोर उघडूही नका. जाड पुठ्ठ्यात गुंडाळा. एका कागदावर लिहा, तो कुणाचा होता, कुठून आणला, साधारण कोणत्या वर्षी, आणि त्याने घरात काय कापलं जायचं. घरातलं वडीलधारं माणूस आहे तोवर विचारून घ्या. तो कागद चाकूच्या मुठीला दोऱ्याने बांधून ठेवा.